दोनशे बाराव्या पानाचा समास

सन्माननीय अध्यक्षमहाराज, कार्यवाहसाहेब, व्यासपीठावरची वाचनालय समिती, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या ग्रंथपालबाई, आणि समोर बसलेल्या वाचक भगिनी-बंधूंनो,

दारातच कार्यवाहसाहेबांनी मला बजावलं, "आजोबा, एखादी छानशी कविता म्हणा आणि बसा." कविता मला पुष्कळ पाठ आहेत. शाळेत गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि आमचा अख्खा वर्ग माना डोलवायचा. ते सूर अजून कानात आहेत. पण आज कविता नाही. आज मी रागावलो आहे, आणि रागाला चाल लागत नाही.

बाईंच्या हातात आत्ता तुम्ही पुष्पगुच्छ दिलात. गेल्या महिन्यात त्याच हातात समितीने एक पत्र दिलं होतं. त्यात लिहिलं आहे, "पुस्तकांतील पेन्सिलीच्या खुणा न खोडल्याबद्दल, कामात हलगर्जीपणा." तेहेतीस वर्षांच्या नोकरीवर हा शेरा?

बाई काम कसं करत, ते समितीतल्या कुणी कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या पानन् पान चाळत. उजव्या हातात खोडरबर. नुसती रेघ दिसली की खोडत. पण कुणी समासात स्वतःचं काही लिहिलेलं असलं, की रबर खाली ठेवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काका, रेघ पुस्तकावर मारलेली असते. हे मनातलं असतं. ते मी कोण खोडणार?"

याला हलगर्जीपणा म्हणतात?

आता त्या कादंबरीविषयी बोलतो. सगळ्यांना ठाऊक आहे ती; शेवटी बायको दाराची कडी काढते आणि निघून जाते. पुढे तिचा सिनेमा निघाला. सिनेमात ती फाटकापर्यंत जाते, मागे नवऱ्याला खोकला येतो, आणि बाईसाहेब परत फिरतात. एका खोकल्यासाठी. आम्ही नवराबायको जोडीनं पाहायला गेलो होतो. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मीही वाजवल्या. शेजारी आमची ही, पर्स मांडीवर घेऊन, बसून होती. घरी येताना मी विचारलं, "का गं, नाही आवडला?" म्हणाली, "तुम्हाला आवडला ना? झालं तर मग."

ती देवाघरी गेली त्याला आता चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी घर खायला उठायचं, तेव्हा मी ती कादंबरी प्रथमच घरी नेली. तोवर कवितांच्या कपाटापलीकडे मी गेलो नव्हतो. ही चिडवायची, "तुम्हाला चाल सापडली की अर्थ कळला असंच वाटतं." दोनशे बाराव्या पानावर ती बाई कडी काढते. तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "मी असते तर मागे वळूनही पाहिलं नसतं." खाली दुसऱ्या हाताने, "मीसुद्धा." त्याखाली तिसरं अक्षर, थरथरतं, "मी परत आले. चुकलं."

पहिलं अक्षर मी एकेचाळीस वर्षं वाणसामानाच्या यादीत वाचत आलो होतो.

पुस्तक घेऊन मी बाईंकडे आलो. म्हटलं, "हे आमच्या घरचं अक्षर आहे."

"माहीत आहे. दर वर्षी एकदा न्यायच्या त्या."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत, काका?"

कार्यवाहसाहेबांची चिठ्ठी आली आहे, आटोपतं घ्या. घेतो.

सिनेमावाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी नायिकेला परत आणावं, नाचवावं, काय हवं ते करावं. पण आता त्या नटीचं चित्र छापलेली नवी आवृत्ती निघाली आहे, आणि तिच्यात शेवटसुद्धा सिनेमाचाच घातला आहे. आपल्या समितीने तिच्या वीस प्रती आणल्या, आणि जुनी प्रत 'खराब' म्हणून रद्दीच्या ढिगात टाकली. ढीग जिन्याखाली आहे, जाताना पाहा. अहो, खराब काय होतं तिच्यात? तीन बायका घरात कुणापाशी बोलू शकल्या नाहीत, ते तिथे बोलल्या. त्यातल्या एकीच्या घरात तर मीच होतो. माझा राग समितीवर आहे हे खरं, पण सगळाच तुमच्या वाट्याला देणं अन्यायाचं होईल. निम्मा माझा मला ठेवतो.

मागणी एवढीच, की बाईंवरचा तो शेरा आज, त्या या सभागृहात असतानाच, मागे घ्यावा. आणि ती प्रत. सकाळी मी ती ढिगातून काढली आणि बाईंकडून रीतसर माझ्या कार्डावर नोंदवून घेतली. बाईंच्या हातची ती शेवटची नोंद. चौदा दिवसांनी मी ती परत आणीन. पुढे ती कपाटात ठेवायची की रद्दीत, हे ठरवण्यापूर्वी समितीतल्या प्रत्येकाने ती एकेक आठवडा घरी न्यावी. स्वतः वाचली नाहीत तरी चालेल. दोनशे बारावं पान उघडून घरातल्या बाईमाणसाच्या हाती द्यावं आणि आपण खोलीबाहेर जावं. आतून कुणी पेन्सिल मागितली, तर निमूट द्यावी.

बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द नाहीत, आणि आज उसने आणायचे नाहीत. तुम्ही सर्वांनी एका म्हाताऱ्याचं ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी कडू बोललो. कुणाचं मन दुखावलं असेल तर वयाकडे पाहून मला पदरात घ्या. शब्द मात्र मागे घेत नाही.