पंप अर्ध्यावर

सासरे: “‘आधी जाळी, मग पंप. उलटं केलंस तर माझ्या दारात उभा राहू नकोस.’ उस्तादांचे शब्द आहेत, सूनबाई. चाळीस वर्षं नळकाम केलं, एकदाही मोडले नाहीत.”

सून: “म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या पंपालाही जाळी लावलीत? मला न सांगता?”

सासरे: “सांगायचं काय त्यात? पंखे आवाज करतात, पाणी फिरवून गार ठेवायचंय म्हणालीस. पंप आला की जाळी आलीच.”

सून: “तरीच! पंप पूर्ण जोरात सोडला तरी मीटर मिनिटाला दीडच लिटर दाखवतो. हळू केला की मशीन नव्वदीत तापतं, आणि जोरात ठेवला की माझ्या वाचनाच्या रेकॉर्डिंगमध्ये घरघर उतरते.”

सासरे: “तुझ्या शाळेतल्या बाई काही म्हणाल्या?”

सून: “‘गोष्ट छान आहे गं, पण मागे दळण कोण दळतंय?’ डोळे गेल्यापासून कानांचाच आधार त्यांना. रोज एक प्रकरण वाचून पाठवीन असा शब्द दिलाय, आणि दोन दिवस चुकलेत. ऑफिससाठी घरांची चित्रंही याच मशीनवर तासन्‌तास तयार होत असतात. वाचताना ते बंद ठेवून कसं चालेल?”

सासरे: “मग दुसरा पंप लावू. दोघं मिळून ढकलतील.”

सून: “नको! एकाचीच घरघर पुरे झाली.”

सासरे: “मग मशीनला चिकटलेल्या त्या तांब्याच्या ठोकळ्याच्या फटी मोठ्या करू. केसाएवढ्या फटींतून पाणी जाणार तरी कसं?”

सून: “त्या बारीकच हव्यात, बाबा. पाणी तिथे अंग घासून गेलं तरच उष्णता उचलतं.”

सासरे: “अंघोळीच्या फवाऱ्यासारखं. भोकं मोठी केली की नुसती धार पडते.”

सून: “अगदी तस्सं. तिथली अडवणूक कामाची आहे. वाटेत आणखी कशाला?”

सासरे: “माझ्या जाळीला अडवणूक म्हणालीस.”

सून: “म्हणाले. रागवा हवं तर, पण आधी उघडून बघा.”

सासरे: “बघतो… अरेच्चा, हे पांढरं काय अडकलंय?”

सून: “तुमच्या नळकामाच्या टेपचे तुकडे. जोडांवर टेप कुणी गुंडाळली?”

सासरे: “आटे दिसले की हात आपोआप गुंडाळतात गं.”

सून: “इथे जोडात रबरी कडी असते. टेप लागतच नाही.”

सासरे: “म्हणजे कचरा मीच केला. पण जाळी नसती तर तो तुझ्या त्या फटींत जाऊन बसला असता!”

सून: “ते मात्र खरं. उस्तादांना मनातल्या मनात नमस्कार केला मी.”

सासरे: “मग काढू की ठेवू?”

सून: “ठेवा. फक्त ऐसपैस बसवा. पाण्याला वाट मिळेल, उस्तादांचा शब्दही राहील.”

सासरे: “रुंद जाळी आहे पिशवीत. सगळी टेप सोलतो, नळ्या धुऊ. बादली आण.”

(तासाभराने. पाणी पुन्हा भरलेलं, पंप चालू.)

सून: “चित्रांचं काम लावलंय. पंप अर्ध्यावर… साडेतीन लिटर! आणि तापमान सत्तर.”

सासरे: “पूर्ण सोडून बघ की. हौस म्हणून.”

सून: “घ्या. पाच लिटर. एकोणसत्तर.”

सासरे: “एका अंशासाठी एवढा गोंगाट? आण खाली, आण खाली.”

सून: “आणला. ऐका आता.”

सासरे: “बंद पडला का काय?”

सून: “चालू आहे, बाबा.”

सासरे: “वा! मग पड जरा. सकाळपासून उभी आहेस.”

सून: “नंतर पडते. जाताना दार हळूच ओढून घ्या. तीन प्रकरणं वाचायची आहेत.”