जपानी वाडग्यातला भुरका

छावणीजवळ ते जपानी रामेनचं दुकान निघालंय ना, तिथं मी जाऊन आलो बरं का. रामेन म्हणजे हाडांच्या रश्शातल्या लांब शेवया. रस्सा इतका दाट आणि जड, की ओठाला ओठ चिकटतो. नातीच्या वाढदिवसाला पोरानं आम्हा सगळ्यांना नेलं.

वाडगे ठेवता ठेवता वाढपी म्हणाला, "जोरात भुरके मारून खा. जपानात तीच रीत आहे. आवाज आला की करणाऱ्याला बरं वाटतं."

सूनबाईनं लगेच भुरका मारला. मग पोरानं. मग नातीनं. सगळे हसत होते.

मी मान खाली घालून गुपचूप खात होतो. कढीचे भुरके मारतो म्हणून घरी माझं ताट मागच्या खोलीत गेलंय, त्याला चार वर्षं झाली. "पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, अण्णा," असं सूनबाईच म्हणाली होती. 

नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही पण मारा ना."

"मला नाय जमत, बाळा."

"लई सोपं आहे, अण्णा," सूनबाई म्हणाली. "हे बघा, असं." आणि तिनं मला भुरका मारून दाखवला.