मावशीच्या घराचं मागचं दार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, माननीय वीरधवल साहेब, व्यासपीठावरचे सर्व अधिकारी आणि पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या डॉ. राजमती मगदूम मॅडम, सांगलीहून आलेले त्यांचे नातेवाईक, आणि समोर बसलेल्या माझ्या वस्तीतल्या वडीलधाऱ्या माणसांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी सोनिया वाघमारे. खंडाळा तालुक्यात धरणाच्या काठाला आमची कातकरी वस्ती आहे. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी. मानसिक आरोग्याच्या कामात शासन आणि वस्त्या एकत्र आल्या, तेव्हा मॅडमनी प्रत्येक वस्तीतून एक सहायक घेतली. आमच्या वस्तीतून मला घेतलं. सूत्रसंचालन करणाऱ्या प्रियदर्शनी ताईंनी मला थोडक्यात बोल असं सांगितलं आहे. मी प्रयत्न करते. रात्रभर मनात चाललं होतं, एवढ्या मोठ्या माणसांपुढे मी घरातली गोष्ट सांगावी का? म्हणून सकाळी वस्तीला पुन्हा एकदा विचारलं. सगळे म्हणाले, सांग. तेव्हा सांगते.

माझ्या आईची थोरली बहीण, रंगूबाई. माझी मावशी. तिचा मुलगा सिद्धू वीटभट्टीवरून आला तो कावीळ घेऊनच आला. दवाखाना झाला, झाडपाला झाला, आणि एका दुपारी तो घरातच गेला. घर म्हणजे नवीन घरकुल, चार पक्क्या भिंती, वर स्लॅब, पुढे लोखंडी दार. मावशीला त्या घराचा फार अभिमान होता. दाराला हात लावण्याआधी ती हात धुवायची.

इथे मला एक समजावून सांगावं लागेल. आमच्या वस्तीत पूर्वी कारवीच्या कुडाची घरं होती. घरात कोणी गेलं, तर त्याला पुढच्या दारानं बाहेर काढत नसत. मागचा कूड थोडा उसवायचा, तिथून न्यायचं, आणि परत आल्यावर लगेच तो कूड विणून, शेणामातीनं लिंपून टाकायचा. पुढचं दार जित्या माणसांचं. त्यातून गेलेला संध्याकाळी परत येणार, हे त्या दाराला माहीत असतं, असं आमच्यात म्हणतात. पक्क्या घराचा कूड कसा उसवायचा? सिद्धूला पुढच्याच दारानं न्यावं लागलं.

त्या दिवसापासून मावशी घरात गेली नाही. चिंचेखाली बसायची. पाऊस आला की कोणाच्या तरी पडवीत, थांबला की पुन्हा चिंचेखाली. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. बायका म्हणायच्या, "आवं, चला की आत." ती दाराकडे बघायचीसुद्धा नाही.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडीतून खुर्च्या उतरल्या आणि आमची निम्मी वस्ती जाळी घेऊन धरणाकडे निघून गेली. खरं सांगायचं तर मीही जाणार होते. मॅडमनी खुर्च्या परत गाडीत ठेवायला लावल्या आणि चिंचेच्या मुळावर मावशीशेजारी बसल्या. त्या दिवशी त्या नुसत्या बसून परत गेल्या. पुढच्या खेपेला गोळ्या दिल्या. त्याच्या पुढच्या खेपेला विचारलं, "गोळ्या घेतीस न्हवं? झोप लागती का?"

मावशी म्हणाली, "गोळी चांगली हाय बाई. झोप येती. पर झोपू कुठं, ते गोळीत न्हाई."

"घरात का जाईनास?"

"त्या दारातनं माझा पोरगा भाईर गेलाय. त्याच दारातनं मी रोज आतभाईर करू?"

"मग कुठनं जाशील?"

"मागनं."

"मागं भिंत हाय की गं."

"व्हय. म्हणून तर चिंचेखाली हाय."

मला वाटलं, आता त्या हे आजारात धरतील. त्यांनी धरलं नाही, आणि गोळ्या बंदही केल्या नाहीत. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "सोनिया, दुःखाला औषध आहे माझ्याकडं थोडंफार. भिंतीला नाही. ते आपण मागायचं."

मागणं सोपं नव्हतं. मी इथे कोणाला दोष द्यायला उभी नाही. नियमाप्रमाणे मंजूर नकाशाबाहेर घरकुलाच्या भिंतीला हात लावता येत नाही, आणि बांधकामाच्या साहेबांना नियम पाळायलाच तिथे बसवलेलं असतं. पण मॅडमचा हट्ट असा की बैठक कार्यालयात नको, वस्तीत घ्यायची. आणि बैठकीत वस्तीनं आधी बोलायचं, मॅडमनी सगळ्यात शेवटी. साहेब आले. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज दार मागताय, उद्या खिडकी मागाल, परवा जिना मागाल."

आमच्या राधाआजी बसल्या होत्या. म्हणाल्या, "जिना कशाला सायेब? वर ऱ्हायला गेल्याली समदी बिनजिन्याचीच गेली."

कोणाला हसू आवरेना. साहेबही हसले. हसता हसता चिंचेकडे बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. मग ते उठले, घराच्या मागे गेले, भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "इथं बीम नाही. इथून काढता येईल." लेखी परवानगी यायला त्यानंतर उन्हाळा संपला, पण दार निघालं ते त्या दिवशीच, असं मी मानते.

मागची भिंत फोडली. निघालेल्या विटा वाया घालवल्या नाहीत. त्याच विटांनी पुढचं दार बुजवलं. मावशीनं स्वतः माती कालवली. संध्याकाळी ती मागून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. माझ्या आईनं दोनदा तिच्या नाकाशी हात धरून बघितला. तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "हाय गं, हाय. झोपू दे की."

मित्रहो, अहवालात या कामाला काय म्हणतात ते मला लिहिता येतं. तो शब्द मी शिकले आहे. पण मला विचाराल तर आमची आणि शासनाची भागीदारी म्हणजे मावशीचं ते "झोपू दे की". त्यानंतर वस्तीत जी घरकुलं झाली, त्यांच्या मागच्या भिंतीत एक चौकट आधीपासून ठेवली आणि ती, वेळ आली तर मोकळी करता यावी म्हणून, कच्च्या विटांनी भरली. बैठक दर महिन्याला वस्तीतच होऊ लागली. लोक दवाखान्याच्या गाडीजवळ आपण होऊन येऊ लागले. जे कधी बोलले नव्हते ते बोलू लागले. गोळ्या खिशात लपवणारे गोळ्या घेऊ लागले.

इथे मी थांबले असते तर आजचा दिवस जरा आनंदाचा झाला असता. पण खोटा झाला असता.

गेल्या महिन्यात मावशी गेली. वयानं गेली, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर. आदल्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "सोने, मला मागनं नेऊ नगंस. पुढनं ने. माझा पोरगा गेला त्या दारातनं. तो तिथंच वाट बघत आसंल."

बुजवलेलं दार पुन्हा उघडायचं का, यावर वस्तीत बराच वाद झाला. मी मॅडमना फोन केला. सल्ला मागायला नाही, नुसतं सांगायला. त्यांच्या बदलीचा आदेश त्याच आठवड्यात आला होता, ते मला माहीत नव्हतं. त्या आल्या. वाद चालू होता तेव्हा मागे उभ्या राहिल्या. शेवटी राधाआजी उठल्या आणि पहिली वीट त्यांनी काढली. मग सगळे लागले. हातातून हातात विटा जात होत्या, त्यात एक मॅडमच्या हातात आली. त्यांनी मला विचारलं, "ही कुठं ठेवू गं?" तेवढ्यात मावशीला उचललं. आम्ही मावशीला पोचवून परत आलो, तोवर मॅडम त्या मोकळ्या दाराशी ती वीट दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. मग त्यांच्यादेखत दार पुन्हा बुजवलं. शेवटची वीट तीच बसली.

आता मॅडम विदर्भात जाणार. त्यांच्या जागी कोण येणार, आदेश अजून निघालेला नाही. पुढच्या महिन्यात वस्तीतली बैठक होणार का, हे मला लोक रोज विचारतात. ही तक्रार नाही, अध्यक्ष महोदय. तक्रार वाटली तर तेवढी माझ्या नावावर लिहा, वस्तीच्या नको.

आयोजकांचे, आणि मला बोलू देणाऱ्या सर्वांचे मी आभार मानते. मला भाषणाची सवय नाही. कोणाचा मान राखायचा राहिला असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर घरातली लहान मुलगी समजून पोटात घाला. आणि एक आगळीक मी आधीच केली आहे, तीही सांगून टाकते. समारंभ संपल्यावर पाहुण्यांनी व्यासपीठामागच्या दारानं गाडीकडे जायचं असं ठरलं आहे. मॅडमची गाडी तिथेच उभी होती. चालक ऋषिराजदादांना विनंती करून मी ती पुढच्या फाटकाशी आणून लावली आहे. त्यांच्यावर कोणी रागावू नये.

मॅडम, मागून कोण जातं, ते आता या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. वस्ती पुढे उभी राहील. तुम्ही पुढच्या दारानं जा.