साहेबांची खुर्ची

(१९५१. बाळकुमच्या ख्रिस्ती वस्तीतलं लहानसं चर्च. भर दुपार. वेदीशेजारी, इथल्या दिवंगत मिशनरी साहेबांच्या वेताच्या जुन्या खुर्चीत रतन मान टाकून बसली आहे. शेजारी तिचे वडील दौलत, चर्चची देखभाल करणारे. पाळक उत्तमराव नुकतेच आत आलेत.)

पाळक : हिला इथं कधीपासून बसवलंय, दौलतराव?

दौलत : काल सकाळपासून.

पाळक : बाळंत होऊन नऊ दिवस झालेत तिला. अंग कसं तापलंय बघा. डॉक्टरांनी परवाच ठाण्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं ना?

दौलत : सांगितलेलं. पण म्हटलं, आधी साहेबांच्या कानावर घालू.

पाळक : साहेबांना जाऊन तीन वर्षं झाली.

दौलत : तुम्ही नवीन आहात, पाळकसाहेब. दुष्काळात माझे आईबाप गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. रस्त्याकडेला माती खात बसलेलो. साहेबांनी उचलून आणलं. ह्याच खुर्चीत मांडीवर घेऊन पेज पाजली मला.

पाळक : त्यांचे उपकार कोण नाकारतंय?

दौलत : ते गेल्यावर मी खुर्ची नुसती पुसायचो. मग एकदा फूल ठेवलं. मग दिवा. पुढं वस्तीतल्या सखुबाईनं तापलेल्या पोराचं कपाळ खुर्चीला टेकवलं आणि संध्याकाळी ताप उतरला. तेव्हापासून लोक यायला लागले. मी कुणाला बोलावलं नाय.

पाळक : अडवलंही नाहीत.

दौलत : तुम्ही तरी कुठं अडवलंत?

पाळक : नाही अडवलं. पहिल्याच रविवारी फुलं पाहिली मी. चर्च भरत होतं, म्हणून गप्प बसलो. त्याचा जाब मला द्यावा लागेल. पण आज गप्प बसणार नाही. काळुरामचा टांगा बाहेर उभा आहे. उचला हिला.

दौलत : मधेच उठवली तर साहेब रागावतील.

पाळक : साहेब कधी रागावले होते तुमच्यावर?

दौलत : जिवंत होते तेव्हा नाय. आता रागावतात. परवा दिवा लावायला उशीर झाला माझ्याकडून, आणि त्याच दिवशी हिला ताप भरला.

पाळक : म्हणून पोरीला आणून बसवलंत. त्यांचा राग शांत व्हावा म्हणून.

दौलत : होय.

पाळक : तुम्हाला पेज पाजणाऱ्या माणसाचं हे काय करून ठेवलंत? आणि ज्याच्या नावानं त्यांनी ती पाजली, त्याच्याशी शेवटचं कधी बोललात?

दौलत : रोज बोलतो की.

पाळक : त्याच्याशी, की खुर्चीशी?

रतन : आबा.

दौलत : बोल, पोरी. काय म्हणाले साहेब?

रतन : कालपासून हाका मारतेय मी. इथं कुणी नाहीये, आबा.

दौलत : असं बोलू नये. ऐकतील.

रतन : कुणी नाहीये. घरी माझं बाळ भुकेलं असेल. उठवा मला.

पाळक : मी खांद्याला धरतो, तुम्ही पाय धरा. सावकाश.

दौलत : पाय गार पडलेत हिचे. अंग एवढं तापलंय आणि पाय गार.

पाळक : चला, बोलत थांबू नका. टांग्यात चढवा. असं. तिचं डोकं मांडीवर घ्या. काळुराम, हाक टांगा, थेट ठाण्याला.

दौलत : पाळकसाहेब, हिच्यासाठी प्रार्थना करा.

पाळक : करतोच आहे. तुम्हीही करा. बाप आहात तिचे.

दौलत : हे बापा… हे बापा, माझ्या रतनला… नाय येत.

पाळक : साधंच म्हणा. लहानपणी शिकलात तेच.

दौलत : शब्द येतात हो. पण डोळे मिटले की समोर ती खुर्चीच येते. आणि तिच्यात कुणी नसतं.

पाळक : मग डोळे मिटू नका. तिच्याकडे बघून म्हणा.

रतन : म्हणा ना, आबा. थंडी वाजतेय मला.

दौलत : तीन वर्षं त्याच्याकडं पाठ फिरवून बसलो, पोरी. आता माझा आवाज ओळखील का तो? पाळकसाहेब, सांगा की. ओळखील?

पाळक : काळुराम, जरा घाई कर.