जर्मनचा पाना

हॅलो?... हॅलो? कोण?... अगं श्रेया, मोठ्यांदा बोल की. कुठनं बोलतीस, विहिरीतनं?... हां, आप्पाच हाय. दुसरं कोण असणार घरात? तुझी आई दळणाला गेलीया... पोचलीस बारामतीत? दुकानात हाईस? मग घेतलेस का पाने?

काय?... चाळीस नगांचा सेट?

चाळीस? आन कशात, सुटकेसमधी? प्लास्टिकच्या?... अगं, तू मेकॅनिक म्हणून चाललीस का नवरी म्हणून?... लखलखतोय, व्हय. लखलखणारच. त्यात तोंड बघ आन पावडर लाव.

हो, हो... अगं ऐक ना. ऐक आधी. त्या चाळिसातले छत्तीस तुझ्या जन्मात लागायचे न्हाईत. ऊस तोडायच्या मशीनला काय लागतं? खालच्या पात्यांचे बोल्ट. रोज पाती बदलायची, रोज तेच बोल्ट सोडायचे. माती, पाचट, रस, सगळं वाळून सिमेंटवानी बसतंय त्यावर. तितं तुझी सुटकेस काय करणार, हातरून झोपायची?

...कुठं बनवलाय ते लिहिलंय का बघ... न्हाय लिहिलं? कुठंच न्हाय? मग ठेव खाली. आपल्या गावाचं नाव सांगत न्हाय असल्या पाव्हण्याला पोरगी देतो का आपण?... चीनचा असंल म्हणतोय? असंल. अगं चीनवाले चांगला माल बी करतात. त्यो फक्त आपल्या दुकानात येत न्हाय.

काय म्हणतोय दुकानदार?... गॅरंटी? पाना तुटला तर पाना बदलून देतोय? वा. आन बोट तुटलं तर बोट देतोय का, इचार त्याला... फोन स्पीकरवर हाय? असू दे. ऐकू दे त्याला बी.

बरं, नट नेलास ना?... अगं मी दिलेला, गंजका, कडा झिजलेला... पर्समधी? बरं, पर्समधी. काढ भायेर. काढ... लाज कसली वाटती? साडी घेताना दहा साड्या उलगडायला लावतीस, तवा लाज वाटत न्हाय. नव्या नटावर सगळेच पाने बसतात. पाना बघायचा त्यो झिजलेल्या नटावर. चाळीस वर्सं मी खिशात नट घालून दुकानात गेलोय, दुकानदार मला बघून शटर वढायचे.

लाव... उघडी बाजू नगं. रिंगची बाजू लाव... डुलतोय?... डुलतोय ना? मग हेच बोंबलून सांगतोय मी मघापासनं. रिंगमधी नट डुलला की जोर लावल्याबरोबर त्याच्या कडा गेल्या. गोल झालेला बोल्ट मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी सुटत न्हाय, गॅसनं कापायला लागतोय.

अगं, तुला चिडवायला न्हाय सांगत. सोमवारी पहिला दिवस हाय तुझा रावजीच्या मशीनवर. काय म्हणला हुता त्यो, चार माणसांदेखत? "हिंदुराव, पोरगी आयटीआय पास असंल, पर बोल्ट काय सर्टिफिकेट बघून सुटत न्हाय." पाने ज्याचे त्यानं आणायचे म्हणला. एक बोल्ट गोल झाला की मशीन हुबं, आन तू दुपारच्या यष्टीनं घरी. तुझ्या जागी दुसरा गडी त्यानं आत्ताच बघून ठेवलाय.

हां. आता दुसरा दाखव म्हणावं... जर्मनचा? आता कसं बोललीस! केवढ्याला?... सेट का?... एक?

एक पाना?... अगं एवढ्यात गाभण शेळी येती... न्हाय, माल असतो त्यो, मी कुठं न्हाय म्हणतोय? पर पहिला पगार व्हायच्या आधी असला पाना घ्यायला आपण काय कारखान्याचे चेअरमन हाय का?

माझे पाने?... न्हाय. न्हाय म्हणलं ना... सोमवारी तर न्हायच न्हाय, तितं बारा जण हात लावणार. जर्मनचे पाने हायत ते, श्रेया! कारखान्यात जर्मनीवरनं टर्बाइन आलं, त्याच्या पेटीतनं निघालेले. मी रिटायर झालो तवा सायबानं सोता माझ्या हातात दिले. त्याआधी तितं तीस वर्सं मीच वापरले, एकदा घसरला न्हाय. आपल्याकडं करतंय का कुणी असलं लोखंड? आपल्याकडं नुसती...

काळा? कसला काळा?... कपाटाच्या तळातनं काढलास? मग कुणी घेत नसंल म्हणून पडला असंल... कुठला?... जालंधरचा? हॅ! ठेव ठेव.

...नट लावलास? मग?... डुलत न्हाय? जरा बी न्हाय?... धुळीनं घट्ट बसला असंल. पूस नि लाव परत... तरी न्हाय?

कोण माझ्यासारखा?... पाना? अगं तुला काय म्हाईत माझा पाना... हां, खंडेनवमीला पूजेसाठी तूच पुसून देतीस, ते खरं. म्हणून काय वळख झाली व्हय?... मानंला तसाच बाक... दांड्याला मधोमध तशीच खाच... आन छाप कसला म्हणालीस? घोड्याच्या नालेचा? मग झालं तर. माझ्या पान्यावर कसलाच छाप न्हाय. त्याच्यावर लाल रंग हाय, पेटीतनं निघाल्या निघाल्या मीच फासलेला. वर्कशॉपमधी ज्याचा त्याचा रंग असतो, न्हायतर सकाळी पाना आपला आन संध्याकाळी गावाचा... रंगाखाली काय असणार? जर्मनी असणार!

बघतो. बघतो म्हणलं ना, आरडू नगं. धर... हां, हा घेतला. ब्लेड कुठं ठेवलं हिनं... खरवडतोय... हाईस ना?...

नाल हाय.

थांब, खाली अक्षरं हायत. वाचतोय मी, चष्मा हाय डोळ्यावर. जे... ए... यल...

...

जालंधरच लिहिलंय, श्रेया.

हसू नगं. श्रेया, हसू नगं म्हणतोय! त्या दुकानदाराला बी सांग, गप बस म्हणावं... म्हंजे पेटी जर्मनीची, आन पाने आपल्याच ष्टोअरवाल्यानं आत टाकलेले. आन मी येडा गावभर सांगत हिंडलोय. अगं, तात्याच्या मयतीला गेलो तर तितं बी सांगितलंय मी.

घे. काळाच घे. चोवीस-सत्तावीस मापाचा घे, तीस-बत्तीसचा घे, एक लहान घे. बास. तीन पाने हातात बसले की... थांब, मधीच टूं टूं वाजतंय. रावजीचा फोन येतोय. ह्याला आत्ता काय झालं? धर, ठेवू नगं.

...

हॅलो? हाईस का?... व्हय, त्योच हुता... काय न्हाय... अगं काय न्हाय म्हणलं ना... बरं, ऐक. म्हणला, पोरीला सोमवारी नगा पाठवू. पोरीच्या हातात मशीन दिली म्हणून बाकीचे मालक हसायला लागलेत म्हणं. "हिंदुराव, तुमीच या सीझनभर. पगार वाढवून देतो."

श्रेया... रडू नगं दुकानात. आधी मी काय बोललो ते तर ऐक.

मी म्हणलं, रावजी, मला पाना कळत न्हाय... व्हय, असंच म्हणलं. म्हणलं, तीस वर्सं मी जालंधरचा पाना जर्मनचा म्हणून मिरवला. रोज हातात हुता, तरी वळखला न्हाय. माझ्या पोरीनं बारामतीच्या दुकानात हुब्या हुब्या वळखला. आता तुमीच सांगा, मशीनवर कुणाला घालताय?

...मग म्हणला, सोमवारी सातला पाठवा.

हो... हो... अगं, म्हाईत हाय मला. आता इंदापूरपतूर समद्या गॅरेजात सांगत सुटणार त्यो. हिंदुराव फिटरला आपल्या हातातला पाना वळखंना म्हणून.

सांगू दे.

बिल कर आन नीघ, ठेवतो.