सातपुते सरांचा शिकाऊ रविवार

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही दम खा. पूर्वरंगात आपण गुरूची थोरवी ऐकली. सगळ्यांनी माना डोलावल्या — छान! आता उत्तररंगात माझा एकच प्रश्न. शिष्यानं शिकावं, हे ठीक. पण जो आयुष्यभर शिकवत आलाय, त्याला शिकता येतं का? आणि तेही कुणाकडून? ज्याला आपणच बोट धरून शिकवलं, त्याच्याकडून! जमतं का हो?

का गप्प झालात? हे बघा, पहिल्या रांगेतले निवृत्त हेडमास्तर एकदम खाली बघायला लागले! गुरुजी, वर बघा. तुमच्यावर नाही बोलत. अजून तरी नाही!

तर ऐका. आख्यान पुराणातलं नाही, मोटारीचं आहे. नाकं मुरडू नका! गणपतीला उंदीर आहे, कार्तिकेयाला मोर आहे, विष्णूला गरुड आहे. देवांचं वाहनावाचून अडतं, मग माझ्या आख्यानाचं अडलं तर काय बिघडलं?

मिरजेत एक गृहस्थ होते — दिगंबर सातपुते. धंदा काय? मोटार शिकवणं. 'निर्धास्त मोटर ड्रायव्हिंग स्कूल'! अर्ध्या मिरजेला त्यांनी गाडी शिकवली. डॉक्टर त्यांचे शिष्य, वकील त्यांचे शिष्य, देवळाचे पुजारीसुद्धा त्यांचे शिष्य. सर डाव्या सीटवर बसायचे आणि सुरू व्हायचे — "आरसा बघा! इंडिकेटर द्या! बॉनेटच्या पुढं बघा! घाई कुठं आहे?" घाई हा शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा यायचा. त्यांच्या गाडीला कधी ओरखडा नाही. आणि माणूस भला, हां! पण एक होतं. गाडीच्या बाबतीत सातपुते सरांना कुणी काही सांगायचं नाही. सांगितलं की पारा चढलाच!

त्यांची एकुलती एक लेक केतकी. इंजिनिअर झालेली, कुपवाडच्या कारखान्यात नोकरीला. तिला स्टिअरिंग धरायला कुणी शिकवलं? बापानं. आणि लेकीनं काय केलं? एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली! बसकी, दोनच माणसांची, छत उघडणारी. स्वतः खाली झोपून, हात काळे करून दुरुस्त केली. आणि निघाली — शर्यतीला!

शर्यत कसली ते सांगतो, नाहीतर निम्मी मंडळी घरी जाऊन म्हणतील, बुवा काय बोलले कळलंच नाही. गावाबाहेरची एक पडीक धावपट्टी. तिच्यावर नारिंगी कोन मांडायचे. रस्त्याचं काम निघालं की मांडतात ना, तेच! त्या कोनांमधून नागमोडी वाट. एका वेळी एकच गाडी सोडायची. मग शर्यत कुणाशी? घड्याळाशी! प्रत्येक कोनाभोवती चुन्याची चौकट. कोन चौकटीबाहेर सरकला, की लाल झेंडा वर आणि दंडाचे सेकंद डोक्यावर. वाट चुकली, तर फेरीच बाद! ह्या खेळाला म्हणतात ऑटोक्रॉस.

आणि ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐका. कोनांवर पहारा कोण देतं? खेळणारेच! आपली फेरी नसेल तेव्हा झेंडा घ्यायचा, उन्हात उभं राहायचं आणि दुसऱ्यानं पाडलेले कोन उचलायचे. आज मी तुझी चूक दाखवतो, मग तू माझी दाखव. आपल्या घराघरांत अशी पद्धत आली तर? — बघा, बायकांच्या बाजूनं हसू आलं. पुरुषांची बाजू शांत!

तर चहाच्या गाडीवर सरांना कुणीतरी मोबाईलवर दाखवलं. "सर, तुमची केतकी बघा!" गाडी गरगर फिरली, धूळ उडाली, कोन चहूकडं! सरांनी हातातला चहा तसाच ठेवला. 'निर्धास्त'वाल्याची पोरगी, आणि ही तऱ्हा? घरी आले ते तणतणतच.

"विकून टाक ती गाडी! आजच्या आज!"

केतकी चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुम्ही एक रविवार तिथं या. नुसतं बघायचं नाही, स्वतः चालवायची. संध्याकाळी तुम्ही विक म्हणालात, तर विकते. परत विषय काढणार नाही. शब्द!"

मंडळी, लेकीनं जीव की प्राण असलेली वस्तू बापाच्या एका शब्दावर ठेवली. आणि बाप? बाप आतून खूश! मनात म्हणाला, एक रविवार काय, जाऊ. परत येऊ, 'विक' म्हणू, विषय संपला. उत्तर आधीच ठरलेलं! आपणसुद्धा देवळात असेच येतो की नाही? देवानं काय सांगायचं ते घरूनच ठरवून!

रविवार उजाडला. सर धावपट्टीवर हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. नवशिक्याच्या शेजारी एक जाणता बसतो, असा तिथला नियम. सर उजवीकडं, केतकी डावीकडं. जन्मभर डाव्या सीटवरून हुकूम सोडणारा माणूस, त्याच्या डोक्यावर हेल्मेट, आणि डाव्या सीटवर पोरगी!

ती म्हणाली, "अण्णा, जवळच्या कोनाकडं बघू नका. पुढच्या वळणाकडं बघा."

"मला सांगू नकोस. गाडी कशी चालवायची ते मला माहितीये."

सुटण्याचा झेंडा पडला. सर निघाले. कसे निघाले? आरसा बघितला, उजवा इंडिकेटर दिला, हॉर्न वाजवला! मोकळ्या मैदानात हॉर्न! कुणासाठी? टिटव्यांसाठी! प्रत्येक वळणाला इंडिकेटर. आणि मधल्या वळणावर तर गाडी चक्क थांबवली. का? कोनाजवळ सलीम मुजावर झेंडा घेऊन पहाऱ्याला उभे होते. सरांना वाटलं, माणसाला रस्ता ओलांडायचाय! हात दाखवून म्हणतात, "जा, जा, तुम्ही आधी जा!"

मुजावर ओरडले, "अहो सर, मी कुठंच जात नाही! माझी ड्यूटीच हितं हाय! तुम्ही जावा की!"

अख्खं मैदान हसलं. केतकीनं तोंड दाबून धरलं, पण हेल्मेट हलत होतं! आणि ह्या हसण्याच्या गोंधळात सर पुढची वाट चुकले. मिरजेतली बोळ न् बोळ पाठ असलेला माणूस, मोकळ्या मैदानात हरवला! फेरी बाद!

मग काय, चढला पारा. दुसऱ्या फेरीला सरांनी गाडी अशी दामटली, की घाई हा शब्द ज्यांना शिवीसारखा वाटायचा, ते हेच का, असं वाटावं! केतकी सांगतेय, "ब्रेक आधी, अण्णा! सरळ असतानाच! मग वळा!" कोण ऐकतो? डोळे कोनावर खिळलेले — ह्याला धक्का लागता कामा नये, ह्याला लागता कामा नये — आणि बरोबर त्यालाच धक्का! ज्याच्याकडं टक लावून बघाल, तिकडंच गाडी जाते, मंडळी. मनाचंही तेच. पण ते राहू द्या, कोन कडमडला!

मुजावरांचा लाल झेंडा वर.

सर खाली उतरले ते भांडायलाच. "कोन वाऱ्यानं पडला!"

"सर, वारं कुठं हाय?"

"मग मांडलाच चुकीचा होता! तीस वर्षं गाडी शिकवतोय मी. ओरखडा नाही गाडीला, ओरखडा!"

मुजावर गरीब माणूस, त्यांनी कोन उचलून जागेवर ठेवला. केतकी दुसरीकडं बघत उभी राहिली. तिला वाटलं, झालं, गेली आपली गाडी. आणि सरांनाही तेच वाटत होतं. संध्याकाळ कधी होतेय आणि 'विक' कधी म्हणतोय, असं झालेलं!

पण संध्याकाळ व्हायला वेळ होता. मध्ये सरांची पाळी आली झेंड्याची. उभे राहिले उन्हात, शेवटून दुसऱ्या वळणावर. इस्त्री कधीच मोडली होती! आणि आता कुणाची फेरी? केतकीची. त्या दिवशीची सगळ्यात चांगली फेरी होती ती. सुरुवातीपासून गाडी अशी वळत आली, की बघणारे बोलायचे थांबले. सरांनी पहिल्यांदा लेकीला बाहेरून बघितलं. आदळआपट नाही, हिसका नाही. स्टिअरिंगवरचे हात हलके. सरांच्या लक्षात आलं, अरे, हे हात मीच असे ठेवायला शिकवले! ऊर भरून आला. आणि नेमक्या त्याच वळणावर मागचं चाक कोनाला लागलं.

कोन पडला नाही. नुसता सरकला. सर धावले, वाकून बघितलं. चौकटीच्या बाहेर! थोडासाच, पण बाहेर! दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं. धूळ होती.

आता सांगा मंडळी, काय करायचं? पायानं हळूच आत ढकलला असता तर? पोरगी पहिली आली असती! बापाचं मन आहे हो, ढकलावासा वाटला. पण सातपुते सर भांडकुदळ असतील, खोटे नव्हते. झेंडा वर केला.

केतकीचा पहिला नंबर गेला. गाडी लावून ती चालत आली. सर तयारीतच होते. आता ही म्हणणार, वाऱ्यानं सरकला. म्हणणार, अण्णा, तुम्ही मुद्दाम केलंत!

ती वाकली. कोन बघितला, चुन्याची रेघ बघितली. म्हणाली, "बरोबर आहे, अण्णा. लवकर वळले मी. चूक माझी." कोन उचलून जागेवर ठेवला आणि पाण्याची बाटली बापाच्या हातात देऊन परत गेली.

एवढंच! भांडण नाही, वारं नाही, तीस वर्षं नाहीत!

सर तिथंच उभे. कानशिलं तापली, आणि ती काही उन्हानं नाही. मगाशी मुजावरांशी आपण काय बोललो, ते सगळं आठवलं. एक चूक कबूल करायला आपल्याला जन्म पुरला नाही, आणि पोरगी कबूल करून पाणीही देऊन गेली! त्यांना लाज वाटली. आणि खरं सांगायचं, तर लाजेपेक्षा जास्त अभिमान वाटला.

झेंडा दुसऱ्याच्या हातात देऊन ते आधी मुजावरांकडं गेले. "मुजावर, मगाचा कोन माझ्यामुळंच पडला. वारं नव्हतं."

मुजावर हसले. "तवा कळलंच होतं की, सर! चहा घ्या."

मग तिसरी फेरी. सर गाडीत बसले, पट्टा लावला आणि लेकीकडं वळून म्हणाले, "सांग. काय करू?"

मंडळी, हे तीन शब्द उच्चारायला ज्ञानी माणसांच्या जिभा जड होतात! सरांनी उच्चारले. आणि ती सांगत गेली, ते करत गेले. "पुढं बघा — ब्रेक — सोडा — आता वळा — वळू द्या तिला — आता दाबा!" सरांनी दाबला! गाडी उधळली, आणि आतून आवाज आला. सगळ्यांना वाटलं, गाडीत काही मोडलं! कुठलं मोडतंय? सर हसत होते! खदाखदा! गाडीत बसून हसलेले सातपुते सर मिरजेनं कधी बघितले नव्हते. एक कोन पाडला, दुसरा लोळवला, पण वाट चुकले नाहीत. नंबर कितवा आला? शेवटचा! आणि हा शेवटचा माणूस प्रत्येकाला धरून सांगतोय, "शेवटच्या वळणाला बघितलं का? बघितलं का?"

ऊन उतरलं. लोक आवरून निघाले. केतकी गाडीची किल्ली घेऊन बापासमोर आली. चेहरा शांत, पण मूठ घट्ट.

"बोला अण्णा. विकू?"

सरांनी किल्ली घेतली. परत तिच्याच तळहातावर ठेवली.

"विकायची नाही." आणि मग, थांबत थांबत म्हणाले, "केतकी, गाडीची भीती नव्हती ग मला. तुला माझ्याकडून शिकण्यासारखं आता काही उरलं नाही, ह्याची भीती वाटत होती. तुला रागवत होतो, ते त्यापायी."

पोरीचे डोळे भरले. पण पोरगी बापाचीच! नाक पुसत म्हणाली, "उरलंय की, अण्णा. मला रिव्हर्स नीट घेता येत नाही अजून."

"काय?"

"ह्या खेळात रिव्हर्स कुठं लागतो? घराच्या दारात गाडी लावताना रोज खांबाला घासता घासता राहते. लाजेनं कुणाला सांगितलं नाही."

सर ताठ झाले. डोळ्यांत कसलं तेज आलं म्हणता! "मुजावर! ते कोन आवरू नका! चार ठेवा इथं!"

आणि मंडळी, मैदान रिकामं झालं तरी दोघं तिथंच. बाप मागं उभा राहून हातवारे करतोय, "आरसा बघ! अजून! अजून! घाई कुठं आहे?" आणि घड्याळाला हरवणारी ती पोरगी इंचाइंचानं मागं येतेय. धाडदिशी कोन पडला! पण आता झेंडा कुणाच्याच हातात नव्हता. सरांनी कोन उभा केला आणि म्हणाले, "परत ये."

संपलं आख्यान. पण उठू नका! आता तुमच्या घरी चला. तुमच्याही घरात कुणीतरी आहे, ज्याला तुम्ही चालायला, बोलायला, सही करायला शिकवलं. तो आज काही सांगायला आला, की आपण काय म्हणतो? "मला सांगू नकोस!" सून भाजीत गूळ घाला म्हणाली — "मला सांगू नकोस!" नातू मोबाईलचं बटण दाखवायला आला — "मला माहितीये!" — आणि लावला फोन भलत्यालाच! आज घरी गेलात की त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "सांग, काय करू?" लहान नाही होणार तुम्ही. उलट तोच तुमच्याजवळ सरकून बसेल, आणि त्याला काय येत नाही, ते हळूच सांगेल. मग शिकवा की पोटभर!

गुरुजी, आता वर बघा. आता मात्र तुमच्यावरच बोलत होतो! आणि माझ्यावरही.

उचला टाळ, आणि म्हणा माझ्यामागं —

देवा, मला राहू दे कुणाचा तरी चेला ।
गुरुपणाचा ताठा तेवढा जाऊ दे मेला ॥