लिफ्टशेजारची खोली

चारुता: बाबा, बसा हो एका जागी. खालच्या बाईंनी दोनदा छताला ठोकलं. माझ्या मीटिंगमध्ये तुमच्या पावलांचा आवाज अख्ख्या टीमला ऐकू आला.

विश्वास: मोजे घातलेत मी. मोज्यांचा कसला आवाज? लाकडी घरं बांधायची आणि माणसांनी तरंगत चालायचं.

चारुता: सकाळपासून येरझाऱ्या चालल्यात. पाय दुखतोय म्हणून परवाच हाउसआर्ट्सकडे नेलं ना तुम्हाला?

विश्वास: तो डॉक्टर होय? पॅरासिटामॉल घ्या आणि पाणी प्या, म्हणाला. एवढं मी बसमध्ये माइकवरून सांगायचो, तेही फुकटात. ते सोड. तू मला एक सांग. क्योतोला स्टेशनजवळचं हॉटेल की नदीकाठचं घर?

चारुता: पुन्हा क्योतो? बाबा, कोरोनामुळे जपान बंद आहे. इथे आइंडहोवनमध्ये किराण्याचं आल्बर्ट हाइन सोडलं तर एक दुकान उघडं नाही. कोण चाललंय क्योतोला?

विश्वास: माझी मंडळी. आज शुक्रवार. पुण्यात संध्याकाळचा चहा झाला की सगळी स्क्रीनवर येतील आणि विचारतील, विश्वासराव, उतरायचं कुठे ठरलं?

चारुता: दोन वर्षांपूर्वी कॅन्सल झालेली टूर आहे ती. चेरीचा फुलोरा बघायला जायचं होतं, तो दोनदा येऊन गेला.

विश्वास: कॅन्सल नाही, पुढे ढकललेली. टूर मॅनेजर मी आहे का तू?

चारुता: तुम्हीच. मी काय, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा तुम्ही कोणाची तरी सुटकेस शोधत होतात.

विश्वास: सापडली होती ती. बरं, ऐक. स्टेशनजवळ हॉटेल घेतलं तर बस दारात लागते. खालचं किचन संध्याकाळी आपल्या महाराजांना देतात. खिचडी-कढी मिळाली की मंडळी खूश. शिवाय लिफ्ट आहे. नदीकाठचं ते जपानी पद्धतीचं घर, तिथे गल्लीत बस शिरत नाही. जमिनीवर गादी. सकाळी सकाळी मासा आणि सूप. आंघोळ सगळ्यांनी एकाच कुंडात, अंगावर काही न ठेवता. आमच्यातले निम्मे जण दारातूनच परत फिरतील.

चारुता: मग झालं की. स्टेशन. ठरलं.

विश्वास: तसं ठरत नाही ना ते. नदीकडच्या खिडकीसाठी काही जण अडून बसलेत.

चारुता: काही जण म्हणजे कोण?

विश्वास: आहेत.

चारुता: बाबा, काय झालंय? कालपासून जेवणात लक्ष नाही. मघाशी तर प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात कांद्याची सालं टाकलीत. तुम्ही असं कधी करत नाही. कचऱ्याचं शेड्यूल तर मला तुम्ही समजावता.

विश्वास: मागच्या शुक्रवारी माझ्याकडून मोठी चूक झाली.

चारुता: कसली?

विश्वास: मंडळींना जरा रंगत यावी म्हणून नदीकाठच्या घरातल्या खोल्या वाटून दाखवत होतो. कोण कोणाबरोबर, हे दोन वर्षं तोंडात बसलंय माझ्या. झोपेत उठवलंस तरी घडाघडा म्हणेन. तसाच म्हणत गेलो आणि म्हणालो, वासुदेवराव आणि सुरेखाताई, पहिला मजला, नदीकडची खिडकी.

चारुता: सुरेखाकाकू? पण त्या तर मे महिन्यात...

विश्वास: हो. दुसऱ्या लाटेत. मला काय माहीत नव्हतं? मीच फोन केला होता वासुदेवरावांना. आणि तेव्हाही विमानाच्या नव्या तारखा सांगत बसलो गाढवासारखा.

चारुता: मग शुक्रवारी काय म्हणाले ते?

विश्वास: सगळ्यांचे चेहरे चौकटीत गोठले. मला वाटलं नेट गेलं. वासुदेवराव एवढंच म्हणाले, "हो." आणि त्यांची चौकट काळी झाली. तेव्हापासून फोन करतोय, उचलत नाहीत.

चारुता: अहो, सवयीने निघालं तोंडातून. समजून घेतील.

विश्वास: इतकी वर्षं माणसं नेली-आणली मी. कोणाचा पासपोर्ट हरवला, कोणाची कवळी हॉटेलात राहिली, सगळं निस्तरलं. पण भर मंडळींत कोणाच्या जखमेवर असा पाय दिला नव्हता. आणि आता खोल्या बदलायच्या तर एकट्या माणसाला जोडीदार द्यावा लागतो. त्यांना कोणाबरोबर घालू? कसं विचारू?

चारुता: विचारू नका. टूर जाणारच नाहीये, एवढं सांगा आज.

विश्वास: कोण म्हणालं जाणार नाही?

चारुता: सोमवारी श्रीधरकाकांचा फोन आला होता. तुम्ही बाल्कनीत जाऊन बोललात, थंडीत, स्वेटर न घालता. मालकांचा फोन तुम्ही असा कधी घेत नाही. रुचिर म्हणालासुद्धा, काहीतरी बिनसलंय.

विश्वास: तुझा नवरा दिवसभर त्या चिपा बनवायच्या मशिनमधली धूळ शोधतो ना, घरीही तेच करतो.

चारुता: बाबा.

विश्वास: ऑफिस बंद करतायत. जागा सोडली. म्हणाले, विश्वास, तू कळव सगळ्यांना, तुझं ऐकतात. मी हो म्हणालो. आता सांग, माणसं आठवडाभर या एका कॉलची वाट बघतात. निम्म्यांची मुलं परदेशात, बाहेर पडायची भीती. हॉटेलावरून भांडतात तेवढाच वेळ घरातून बाहेर असतात. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू, की उतरायला जागाच नाही?

चारुता: आणि तुम्हाला? तुमचंही काम गेलंच ना?

विश्वास: माझं काय.

चारुता: व्हिसा वाढवून मिळतो का बघू. इथेच राहा ना थोडे दिवस. मला बरं वाटतं तुम्ही असलात की.

विश्वास: इथे मी करू काय, चारू? मला पाहुणा म्हणून राहता येत नाही गं. कुठेही गेलो तरी माझी खोली लिफ्टशेजारची. रात्रभर खडखडाट, म्हणून कोणी घेत नाही. पण अपरात्री कोणाचं पोट बिघडलं तर माझं दार सापडलं पाहिजे. क्योतोला इतक्यांदा गेलो, ती नदी मी बसच्या काचेतूनच पाहिलीये, तीही उलटा उभा राहून, माणसं मोजताना.

चारुता: फोन वाजतोय तुमचा. बाबा, वासुदेवकाका.

विश्वास: तू घे.

चारुता: मी नाही घेणार. स्पीकरवर टाकते, तुम्ही बोला.

(चारुताने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. विश्वास उभेच राहिले.)

वासुदेव: विश्वासराव? मी बोलतोय. आज कॉलवर येणार नाही, म्हणून आधीच केला.

विश्वास: वासुदेवराव, मागच्या शुक्रवारी माझ्या तोंडून जे गेलं...

वासुदेव: राहू द्या. मला बरं वाटलं.

विश्वास: बरं?

वासुदेव: मे महिन्यापासून माझ्यासमोर तिचं नाव कोणी घेत नाही. मुलगा आई म्हणता म्हणता थांबतो आणि पाण्याचा पेला उचलतो. तुम्ही तिला सरळ खोली दिलीत. मला रडू यायला लागलं म्हणून कॅमेरा बंद केला. चारचौघांत रडायची सवय नाही. फोनही त्यामुळेच उचलले नाहीत.

विश्वास: मी आठवडाभर झोपलो नाही हो.

वासुदेव: तेही वाटलंच मला.

विश्वास: आणखी एक सांगायचंय. कंपनीचं ऑफिस...

वासुदेव: बंद झालं. माहीत आहे. मंगळवारी तिकडून चालत गेलो तर पाटी उतरवत होते.

विश्वास: बाकीच्यांना यातलं काही बोलू नका. मी आज सांगतो, हळूहळू.

वासुदेव: सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला कोणी सांगायचं, यावर आमचा काल वेगळा कॉल झाला. शेवटी माझ्यावर आलं.

चारुता: बाबा, खाली बसा.

विश्वास: बसतो. म्हणजे आता शुक्रवार संपले.

वासुदेव: कॉल चालू राहतील. भांडायला हॉटेलच लागतं असं थोडंच आहे. पण मला खरंच जायचंय. जपान उघडलं की. सगळा जन्म पाटबंधारे खात्यात काढला. ज्या कामावर बदली होईल तिथे सुरेखा आली. डास, पत्र्याच्या क्वार्टर्स, मी दाखवीन ती धरणं बघत राहिली. ही नदी तेवढी तिनं निवडली होती. फोटोत खिडकीवर बोट ठेवून म्हणाली, इथे. मला त्या खिडकीत बसायचंय.

विश्वास: जाऊ की. कंपनी नसली तर नसली, बुकिंग मला येतं.

वासुदेव: एकट्याची खोली नको मात्र. ती घरी आहेच.

विश्वास: जोडीदार बघतो ना. विवेकरावांना विचारतो, शांत माणूस आहे.

वासुदेव: तुम्ही कुठे झोपणार?

विश्वास: मी? माझं ठरलेलं. लिफ्टशेजारी.

वासुदेव: त्या घराला लिफ्ट नाही. म्हणून तर तुम्ही ते नापास करत होतात.

चारुता: खरंच नाहीये, बाबा. तुम्हीच दाखवलं होतंत मला.

विश्वास: पण वासुदेवराव, जमिनीवर गादी आहे. तुमचे गुडघे, माझा हा पाय.

वासुदेव: एकमेकांना हात देऊन उठू. मला एकच विचारायचंय. तुम्ही घोरता का?

विश्वास: कसं सांगू तुम्हाला.

चारुता: काका, भिंतीपलीकडून ऐकू येतं. रुचिर कानात बोळे घालून झोपतो.

वासुदेव: मग जमलं. सुरेखा घोरायची. ती गेल्यापासून मला झोप लागत नाही.